मक्याला युरिया कधी द्यायचा? दिवस नको, पानं मोजा

जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाचोरा-जामनेरकडच्या कुठल्याही रस्त्यानं सकाळी निघा, एक देखावा हमखास दिसतो. रात्री थोडी झिमझिम झालेली, बांधावर युरियाची फोडलेली गोणी, कमरेला ओटी बांधलेली दोन-तीन माणसं आणि हिरव्या मक्यावर भुरभुरणाऱ्या पांढऱ्या मुठी. "पानी उनं रे भो, टाकी दे युरिया." वीस दिवसांचा मका, एकरी दोन गोण्या, एका फेरीत काम उरकलं.

मीही बरीच वर्षं हेच केलं. चार-पाच दिवसांत मका असा काळाभोर होतो की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी थांबवून विचारतो, काय टाकलं? मन भरतं. मग पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी बुडाची पानं पिवळी पडायला लागतात, कणीस शेंड्याकडं दाण्याविना बोडकं राहतं आणि आपण बियाण्याला नाहीतर पावसाला बोल लावतो. खरी गोम वेगळीच असते. युरिया पडला तेव्हा मक्याला भूक नव्हती, आणि भूक लागली तेव्हा युरिया वावरात उरला नव्हता.

मक्याला भूक कधी लागते

मका लहानपणी फार कमी खातो. गुडघ्याइतका होईस्तोवर त्यानं अख्ख्या हंगामातल्या नत्राचा, म्हणजे युरियातून मिळणाऱ्या खाद्याचा, जेमतेम दहावा हिस्सा उचललेला असतो. त्यानंतर मात्र तो बेफाम सुटतो. आठव्या पानापासून तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडेपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत निम्म्याहून जास्त नत्र तो ओढून घेतो. केस येईपर्यंत साधारण दोन तृतीयांश खुराक पोटात गेलेला असतो. एकरी 30 क्विंटलच्या पिकाचा हिशोब मांडला तर त्या ऐन दिवसांत मका रोज एकरी किलो-सव्वा किलो निव्वळ नत्र खातो. म्हणजे दिवसाला अडीच किलोच्या आसपास युरिया. हे सगळं खत आपण टाकलेलंच असतं असं नाही, काही वाटा जमीन स्वतः देते. पण जमीन एवढ्या घाईनं देऊ शकत नाही.

ही भूक नेमकी तेव्हाच का लागते, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक झाड वाया घालवा. आठ-दहा पानांचं झाड उपटा आणि धारदार चाकूनं खोड बुडापासून वरपर्यंत उभं चिरा. आत, पानांच्या गुंडाळ्यांच्या मधोमध, पांढुरकं इवलंसं टोक दिसेल. नीट बघितलं तर त्याला बारीक फांद्या फुटायला लागलेल्या असतात. तो तुरा आहे. बाहेरून आपल्याला वाटतं मक्याची अजून नुसती पानं वाढतायत, आणि आत झाडानं संसार मांडायला घेतलेला असतो. पाच पानांपर्यंत हेच टोक जमिनीखाली असतं, म्हणून तर लहानपणी जनावरानं मका वरून खुडला तरी तो पुन्हा फुटतो. सहा पानांच्या सुमारास ते जमिनीच्या वर येतं.

याच टप्प्यावर, सहा ते आठ पानांच्या आसपास, कणसावर दाण्यांच्या रांगा किती हे ठरायला लागतं. रांगा कधी मोजून बघितल्यात? 14, 16, 18 अशा असतील, 15 किंवा 17 सहसा सापडणार नाहीत. कणसावर फुलं जोडीजोडीनं येतात, म्हणून रांगा कायम सम. बसमध्ये वेळ जात नसला तर भुट्टा खाताना मोजायला चांगलं आहे. रांगेची लांबी, म्हणजे एका रांगेत किती दाणे, हे त्याच्या पुढं, बाराव्या पानाच्या आसपासपासून केस यायच्या आठवडाभर आधीपर्यंत ठरत जातं. त्या दिवसांत नत्राची किंवा पाण्याची ओढ बसली की कणीस आखूड राहतं. नंतर कितीही युरिया ओतला तरी न मांडलेले दाणे भरायला येत नाहीत.

कृषी विद्यापीठाचा हिशोब, एकरात आणि गोण्यांत

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची मक्याची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 40 किलो पालाश अशी आहे. स्फुरद आणि पालाश सगळं पेरणीला. नत्राचे मात्र तीन वाटे: 40 किलो पेरताना, 40 किलो तीस दिवसांनी, 40 किलो चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. वर सांगितलेल्या भुकेशी हे वाटे ताडून बघा, अगदी जुळतात.

आपण एकरात बोलतो, म्हणून एकरी नत्र 48 किलो धरू, वाटा 16 किलोचा. पेरणीला एक गोणी डीएपी टाकली तर तिच्यातून 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद मिळतं, म्हणजे स्फुरदाचा प्रश्न मिटला. नत्राला 7 किलो कमी पडतं, ते 15 किलो युरियात बसतं. पालाशसाठी 27 किलो पोटॅश. पुढचे दोन हप्ते प्रत्येकी 35 किलो युरियाचे. युरियात नत्र 46 टक्के, आणि 2018 पासून गोणी 45 किलोची झाली आहे. एकूण 85 किलो युरिया, म्हणजे दोन गोण्यांना थोडा कमीच. गंमत बघा, वीस दिवसांच्या मक्यात आपण एका दमात उधळत होतो त्या याच दोन गोण्या. जास्तीचं काही विकत घ्यायचं नाही, आहे तेच तीनदा द्यायचं आहे.

पेरणीचा युरिया बियाण्याला चिकटू देऊ नका. ओल्या मातीत युरिया फुटताना अमोनिया निघतो आणि कोवळा मोड भाजतो. पाभरीनं पेरत असाल तर खत बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पडलं पाहिजे.

बरणीतली हळद

आता त्या झिमझिम पावसाकडं येऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं आणि ते दिसत नाही.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत वावरातली काळी माती घाला, हातानं मूठ वळेल इतपत ओली. एका बरणीत चमचाभर युरिया मातीवर नुसता पसरा. दुसरीत तेवढाच युरिया तळाशी टाकून वर चार बोटं माती दाबा. कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवा आणि ओल्या असतानाच प्रत्येक झाकणाला आतून एक-एक चिकटवून बरण्या घट्ट लावा. दोन-तीन दिवसांनी बघा. पहिल्या बरणीतली पिवळी पट्टी लालसर तांबडी झालेली दिसेल. झाकण उघडलंत तर नाकाला झोंबणारा वास येईल, बंद गोठ्यात जनावरांच्या मुताचा येतो तोच. दुसऱ्या बरणीतली पट्टी पिवळीच राहते, फार तर थोडी बदलते.

हळद लाल का होते? आपल्याकडं कुंकू ज्या कारणानं होतं त्याच कारणानं. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तसंच अमोनियानंही होतं. बरणीत कोंडला म्हणून तो अमोनिया आपल्याला दिसला. वावरात तो हवेत निघून जातो, आणि तोच आपण पैसे मोजून आणलेला नत्र असतो.

युरिया जसाच्या तसा मुळांच्या फारसा कामाचा नाही. ओल लागली की जमिनीतलं युरिएज नावाचं विकर त्याला फोडतं आणि अमोनियम तयार होतं. आपल्या उन्हाळ-पावसाळी हवेत हे काम दोन-चार दिवसांत उरकतं. अमोनियमवर धन भार असतो, मातीच्या कणांवर ऋण, त्यामुळं मातीच्या पोटात असेल तर ते चिकटून बसतं. पण मातीच्या वर, उघड्यावर तयार झालं तर त्याचा अमोनिया होऊन उडतो. जमीन जितकी विम्ल (आम्लाच्या उलट) आणि चुनखडीची, तितकं उडणं जास्त. खानदेशातल्या बहुतेक काळ्या जमिनींचा सामू (पीएच) सातच्या वर, कितीतरी ठिकाणी आठच्या घरात. म्हणजे उडायला सगळी सोय आपल्या जमिनीनंच करून ठेवलेली.

म्हणून झिमझिम पाऊस हा युरियाचा सगळ्यात वाईट सोबती. दाणे विरघळतील एवढं पाणी तो देतो, पण त्यांना आत घेऊन जाण्याएवढं देत नाही. वर दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, वारा सुटतो. युरिया दिसेनासा होतो आणि आपण म्हणतो, विरघळला, कामाला लागला! कोरड्या मातीवर पडलेला युरिया उलट आठ दिवस गप्प बसून राहतो. युरिया आत जायला एका दमात 12-15 मिलिमीटर पाऊस तरी हवा, म्हणजे सरीत पाणी चमकेल असा.

पावसाची वाट बघण्यापेक्षा खरा उपाय आहे कोळपं, म्हणजे ओळींमधली माती हलवणारं बैलाचं अवजार. ओळीच्या बाजूला, बुडापासून वीतभर अंतरावर युरिया टाका आणि लगेच मागून कोळपं चालवा. तीन-चार बोटं माती पडली की अमोनियम तिथंच धरून राहतं. तिसाव्या दिवसाच्या हप्त्याला हे जमतं, शिवाय त्याच फेरीत मक्याला मातीची भरही लागते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या हप्त्याला मका छातीला लागलेला असतो, बैल आत शिरत नाही. तेव्हा दमदार पावसाच्या आदल्या दिवशी टाका, नाहीतर टाकून लगेच पाणी भरा. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

इथं एक गैरसमज. "आता युरिया निमकोटेड आहे, उडत नाही." 2015 पासून आपल्याकडं सगळा युरिया कडुनिंबाचं तेल लावलेला येतो, हे खरं. पण ते तेल वेगळं काम करतं. अमोनियमचं पुढं नायट्रेट होतं, तो वेग ते कमी करतं. उघड्यावर अमोनिया उडण्याला त्याचा अटकाव जवळजवळ नाही. पांघरूण मातीचंच घालावं लागतं.

आणि मुठी पोंग्यावर, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांवर, पडू देऊ नका. सकाळी दव असताना टाकलेले दाणे पोंग्यात बसतात आणि पानं भाजून पांढरे चट्टे पडतात. 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात आल्यापासून पोंग्यात काहीतरी टाकायची आपल्याला सवय लागली आहे, त्यात युरियाची भर नको.

काळी आणि मुरमाड

नायट्रेटचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. अमोनियमला मातीतले जिवाणू एक ते तीन आठवड्यांत नायट्रेट बनवतात. मका ते आवडीनं खातो, पण त्यावर ऋण भार असल्यानं माती त्याला धरत नाही. ते पाण्याबरोबर वाहतं. सातपुड्याच्या पायथ्याला, साक्रीच्या बाजूला, पारोळ्याच्या बरड पट्ट्यात पाणी भराभर खाली मुरतं, आणि नायट्रेटही मुळांच्या खाली निघून जातं. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत उलटं होतं. पाणी खाली जात नाही, वरच साचतं. दोन-तीन दिवस वावर तुडुंब राहिलं की जमिनीतली हवा संपते, मग काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्राचा वायू करून सोडून देतात. एका ठिकाणी खाली गळती, दुसऱ्या ठिकाणी वर गळती.

म्हणून हलक्या जमिनीत तीनाऐवजी चार हप्ते केले तर फायदाच होतो. भारी जमिनीत हप्ते तीनच ठेवा, पण आधी चर काढून पाणी बाहेर लावा. सलग पावसानंतर पिवळा पडलेला मका बघून चिखलात युरिया टाकायची घाई सगळ्यांना होते. तेव्हा मुळं गुदमरलेली असतात, ती खाऊ शकत नाहीत. वाफसा येऊ द्या, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर राहू द्या. वाफशावर दोन दिवसांत मका आपोआप हिरवा झाला तर नत्र जाग्यावर आहे असं समजा. नाही झाला तर एकरी 20-25 किलो युरिया जादा द्यायला हरकत नाही.

कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा मक्याचा कडबा बारीक करून रोटाव्हेटरनं गाडला असेल तर पंधरा-वीस दिवसांचा मका फिक्का दिसतो. कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागतं आणि ते आधी जेवून घेतात. पुढं ते परत मिळतं, पण त्या वावरात पेरणीचा वाटा थोडा चढा ठेवा.

रब्बीत तीस दिवस म्हणजे किती दिवस?

इथं दिवस मोजणारे फसतात. मका उष्णतेवर वाढतो. दिवसाच्या सरासरी तापमानातून 10 अंश वजा करा, उरेल तेवढीच त्याची त्या दिवसाची कमाई. जुलैत दिवसाचं 32 आणि रात्रीचं 25 धरलं तर सरासरी 28.5, कमाई 18.5. डिसेंबरात दिवसाचं 30, रात्रीचं 12, सरासरी 21, कमाई 11. जुलैत तीस दिवसांत जेवढी वाढ होते तेवढीला डिसेंबरात पन्नास दिवस लागतात. हुडहुडी भरवणारा आठवडा आला तर आणखी. दिवाळीनंतर पेरलेल्या मक्याला तिसाव्या दिवशी खताचा हप्ता दिला की सहा पानांच्या मक्याला जेवायला बोलावल्यासारखं होतं, आणि त्याला अजून भूकच नसते.

पानं मोजली तर हा घोळ होत नाही. पान खोडाला जिथं भेटतं तिथं फिकट रंगाची पट्टी असते, गळ्यात कंठी घातल्यासारखी. ती बाहेर दिसली तरच ते पान मोजायचं. पोंग्यात गुंडाळलेली, वर लोंबणारी पानं धरायची नाहीत. सगळ्यात खालचं पान गोल टोकाचं असतं, ते पहिलं. अडचण अशी की मका मोठा होतो तशी खालची पानं गळून जातात आणि मोजदाद चुकते. मी वावरात पाच ठिकाणी पाच झाडं धरून ठेवतो आणि सहाव्या पानाला लेकीच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. लालच वापरावी, गुलाबी उन्हात उडते.

सात-आठ पानं झाली की दुसरा हप्ता. युरिया फुटून मुळांपर्यंत पोचायला आठवडा जातो, म्हणून जेवणाच्या जरा आधीच ताट वाढून ठेवायचं. बारा पानांच्या सुमारास, तुरा बाहेर दिसायच्या आधी, तिसरा. पावसाळ्यात आर्द्रात पेरलेल्या मक्याला हे टप्पे साधारण पुष्य आणि आश्लेषा नक्षत्रांत येतात. आमच्याकडं काहीजण कानबाईच्या रोटांवर, म्हणजे श्रावणातल्या आमच्या सणावर, हिशोब ठेवतात, पण अधिक मास आला की कानबाई पुढं सरकते, मका तिची वाट बघत नाही.

ठिबक असेल तर हप्त्यांची कटकटच नाही, आठवड्याला थोडं थोडं सोडता येतं. आठ पानांनंतर हात मोकळा करायचा, केस आल्यावर आखडता घ्यायचा. एक चूक मात्र सर्रास दिसते. मोटार चालू केल्या केल्या टाकीतला युरिया सोडतात आणि नंतर लाईट आहे तोवर तीन तास पाणी चालू ठेवतात. न फुटलेला युरिया पाण्याबरोबर हिंडतो, तो मुळांच्या पार खाली जातो. आधी नुसतं पाणी, मध्ये युरिया, शेवटी नळ्या धुवायला दहा-पंधरा मिनिटं पाणी. रात्रीच्या लाईटीत हे जागून कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. माझ्याकडंही त्याला टायमरशिवाय उत्तर नाही.

पिवळेपणा ओळखायची खूण थोडक्यात. बुडाच्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेनं आत शिरणारी, इंग्रजी व्हीच्या आकाराची पिवळी पाचर म्हणजे नत्र कमी. कडांनी जळत आलेलं बुडाचं पान पालाश मागतं. नवी पानं बुडाशी पांढऱ्या पट्ट्यांची आली तर जस्त बघा, तिथं युरियाचा काही उपयोग नाही. दाणे भरताना मका बुडाच्या पानांतलं नत्र उचलून कणसात नेतो, तेव्हा थोडं पिवळं दिसणारच.

युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणून आपण ती उधळतो. ऐन गरजेला ती दुकानात नसते, असली तर "सोबत ही बाटली घ्यावी लागेल" असं ऐकवलं जातं. मलाही अशा दोन बाटल्या गळ्यात पडल्या, अजून खळ्यातल्या फळीवर आहेत. त्यामुळं मिळाला तेव्हा आणून ठेवायचा, हे मला पटतं. पण आणला म्हणून त्याच दिवशी टाकलाच पाहिजे असं नाही. केस बाहेर पडून सुकायला लागले आणि खळ्यात अर्धी गोणी उरली असेल तर ती मक्यात नेऊ नका. आतल्या प्लॅस्टिकचं तोंड सुतळीनं घट्ट बांधा, फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका, नाहीतर ओल धरून दगड होतो. गव्हाच्या पहिल्या पाण्याला ती लागेलच.